एकच झोत, काचा वेगवेगळ्या: रंग कशात दिसतात, कशात नाहीत आणि का?

देवगडची प्रयोगवही

डिसेंबरातल्या शालेय विज्ञान प्रदर्शनासाठी एक टेबल मांडायचं आहे. पांढऱ्या प्रकाशाचा झोत एकच ठेवायचा, त्याच्यासमोर आळीपाळीने वेगवेगळ्या आकाराच्या काचा धरायच्या आणि समोरच्या पुठ्ठ्यावर रंगांचा पट्टा किती रुंद पडतो ते मुलांनी मोजायचं.

हाताशी आहे ते असं: २५ मिमी बाजूचा ६० अंशांचा लोलक, १९ मिमी जाड काचेचा आयताकृती ठोकळा (कडा घासलेल्या), जुन्या दुर्बिणीतला काटकोनी लोलक, झुंबराचा पैलूदार थेंब, ५०० मिलीचा गोल बुडाचा चंबू आणि अर्धगोल पेपरवेट. खोली कौलारू आहे, खिडक्या लावल्या की चांगला अंधार होतो.

ठोकळ्यातून रंग येतच नाहीत, कसाही धरा. लोलकातून येतात, पण पट्ट्याच्या मधोमध पांढरं राहतं आणि फक्त दोन्ही कडा रंगीत. काटकोनी लोलकातून नुसता पांढरा ठिपका येतो. झुंबराच्या थेंबातून मात्र भिंतभर इंद्रधनुष्याचे तुकडे. चंबूत काहीच धड नाही.

काच जाड घेतली तर अपस्करण, म्हणजे रंगांचं वेगळं होणं, वाढेल का? नक्की कशावर अवलंबून आहे हे सगळं? मुलांना ‘आकारावर’ एवढंच सांगून भागणार नाही.

---

काजवा, राजापूर

जाडीचा काही संबंध नाही. प्रकाश ज्या पृष्ठभागातून आत शिरतो आणि ज्यातून बाहेर पडतो, त्या दोघांमधला कोन बघा. ‘आकार’ म्हणजे इथे तो कोन.

रंग वेगळे व्हायला सुरुवात पहिल्याच पृष्ठभागावर होते. साध्या क्राउन काचेचा (बीके७ प्रकार धरू) अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाशाला किती वळवते त्याचं माप, ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्यासाठी १.५३१ आणि ७०० नॅनोमीटरच्या तांबड्यासाठी १.५१३. सगळा खेळ या ०.०१८ एवढ्या फरकाचा. त्याचं पुढे काय होणार, ते दुसरा पृष्ठभाग ठरवतो.

ठोकळ्यात दुसरा पृष्ठभाग पहिल्याला समांतर आहे. आत शिरताना जो रंग जितका वळला, तितकाच तो बाहेर पडताना उलटा वळतो. परिणामी सगळे रंग मूळ दिशेला समांतर होऊन बाहेर येतात, फक्त एकमेकांपासून जरासे बाजूला सरकलेले. ते सरकणं किती? १९ मिमी जाड ठोकळा, आपाती कोन (येणाऱ्या किरणाचा पृष्ठभागाच्या लंबाशी होणारा कोन) ६० अंश, तर तांबडा आणि जांभळा यांच्यात जेमतेम ०.१ मिमी. पडदा लांब नेला तरी ते ०.१ मिमीच राहणार, कारण किरण समांतर आहेत. तुमचा झोत काही मिलिमीटर रुंद असेल, त्यात हे कुठल्या कुठे बुडून जातं. ठोकळा १०० मिमी जाड केलात तरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच.

एक सावधगिरी: ठोकळ्याच्या कडेतून हिरवट रंग दिसतो आणि कुणीतरी मूल त्याला अपस्करण म्हणणारच. तो हिरवेपणा काचेतल्या लोहाचा आहे. लोह तांबडा प्रकाश शोषतं म्हणून उरलेला हिरवट दिसतो. रंग वेगळे होणं आणि रंग गिळला जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि टेबलावर त्या शेजारी शेजारी दाखवता आल्या तर फारच चांगलं.

६० अंशांच्या लोलकात दुसरा पृष्ठभाग किरणाला पहिल्याच्याच बाजूला आणखी वळवतो, म्हणून फरक वाढतो. लघुतम विचलनाच्या, म्हणजे किरण मूळ दिशेपासून कमीत कमी वळतो त्या स्थितीत आपाती कोन सुमारे ४९ अंश, विचलन ३८ ते ३९ अंशांच्या दरम्यान, आणि ‘तानापिहिनिपाजा’चा पूर्ण पसारा दीड अंशाहून किंचित जास्त. म्हणजे २ मीटरवर साधारण ५४ मिमीचा पट्टा. हीच काच ४५ अंशांच्या कोनात कापली तर पसारा एक अंशापेक्षाही कमी, २ मीटरवर ३३ मिमी. आणि ६० अंशच ठेवून फ्लिंट काच (एफ२ प्रकार, अपवर्तनांक १.६२) घेतली तर जवळजवळ ४ अंश, २ मीटरवर साडेतेरा सेंटिमीटर. आधी कोन, मग काचेची जात. लोलक २५ मिमीचा की ५० मिमीचा याने पसारा बदलत नाही, फक्त उजेड वाढतो.

लघुतम विचलन शोधायला कोनमापक लागत नाही. लोलक उभ्या अक्षाभोवती सावकाश फिरवा. पडद्यावरचा पट्टा एका दिशेने सरकतो, थांबतो आणि उलटा फिरायला लागतो. तो जिथे थांबला तीच जागा. तिथे लोलकाखाली पेन्सिलीने त्रिकोण आखून ठेवा, म्हणजे प्रदर्शनाच्या दिवशी शोधाशोध नको.

आणि लोलकाची सपाट बाजू झोताला अगदी समोरासमोर धरू नका. क्राउनच्या ६० अंशी लोलकात आपाती कोन २९ अंशांपेक्षा कमी झाला की समोरच्या बाजूवर पूर्ण आंतरिक परावर्तन होतं, म्हणजे सगळा प्रकाश काचेतच परत फिरतो, आणि तिथून काहीच बाहेर पडत नाही. फ्लिंटमध्ये ही मर्यादा ३७ अंशांवर जाते. ‘लोलक खराब आहे’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा तो असाच सरळ धरलेला असतो.

---

माजघर (गुहागर)

मधे पांढरं का राहतं, याचं उत्तर लोलकात नाही, झोतात आहे.

सूर्य बिंदू नाही, त्याचा व्यास आपल्याला अर्ध्या अंशाहून किंचित मोठा, ०.५३ अंश दिसतो. कौलाच्या फटीतून जमिनीवर पडणारा कवडसा गोल असतो तो म्हणूनच: फट कशीही वेडीवाकडी असो, कवडसा सूर्याची प्रतिमा असतो आणि त्याचा व्यास फटीपासूनच्या अंतराच्या सुमारे एकशेआठावा भाग. फट ४ मीटर उंच असेल तर कवडसा ३७ मिमीचा. मुलांकडून हे आधी मोजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता हिशोब करा. २५ मिमी बाजूच्या लोलकातून लघुतम विचलनाला सुमारे १६ मिमी रुंद झोत बाहेर येतो. अर्ध्या मीटरवर त्यात सूर्याच्या रुंदीचे ५ मिमी मिळवा, म्हणजे प्रत्येक रंगाचा ठिपका २१ मिमी. पण तांबडा आणि जांभळा यांचे मध्य एकमेकांपासून फक्त १४ मिमी दूर. मग मधल्या भागात सगळेच रंग एकमेकांवर पडणार आणि पांढरं दिसणार. तांबडी कड एका बाजूला, जांभळी दुसऱ्या बाजूला. तुम्हाला दिसतंय ते अगदी बरोबर तेच.

उपाय दोन. पहिला, काळ्या कागदात २ मिमी रुंद आणि २० मिमी उंच फट कापून लोलकाच्या पुढच्या बाजूवर चिकटवा, फट लोलकाच्या कडेला समांतर, आणि पडदा २ मीटरवर न्या. ठिपका २१ मिमीच्या आत येतो, पट्टा ५४ मिमीचा. रंग वेगळे दिसतात, पण शेजारचे रंग अजून थोडे मिसळलेले राहतात. पडदा आणखी लांब नेऊन हे सुधारत नाही, कारण सूर्याचा अर्धा अंशही अंतराबरोबरच वाढतो. दीड अंशाला अर्धा अंश, हे गुणोत्तर तसंच राहतं.

न्यूटनच्या मोजमापात हे स्वच्छ दिसतं. १६७२ साली छापून आलेल्या त्याच्या पत्रात पाव इंचाचं भोक, भिंत २२ फुटांवर, आणि पट्टा सव्वातेरा इंच लांब व दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच रुंद असं दिलं आहे. रुंदीतून भोकाचा पाव इंच वजा करून २२ फुटांनी भागलं की अर्धा अंश मिळतो, म्हणजे सूर्याचा व्यास. रुंदी सूर्याची आणि लांबी मात्र तिच्या पाचपट, हेच त्याला खटकलं होतं.

दुसरा उपाय भिंगाचा, आणि प्रदर्शनासाठी मी तोच धरून बसेन. फट १ मिमी. तिच्यापासून २५ सेंमीवर २० सेंमी नाभीय अंतराचं बहिर्वक्र भिंग. भिंगापासून १ मीटरवर पडदा. आधी लोलक न ठेवता पडद्यावर फटीची रेखीव प्रतिमा आणा, ती चौपट, म्हणजे ४ मिमी रुंद येईल. मग भिंगाला लागून लोलक ठेवा आणि पडदा तेवढ्याच अंतरावर ३९ अंशांनी बाजूला फिरवून न्या. पट्टा २७ मिमीचा आणि प्रत्येक रंग फक्त ४ मिमीचा. सूर्याची रुंदी हिशोबातून गेली, कारण पडद्यावर आता सूर्याची नाही, फटीची प्रतिमा आहे. फट अर्ध्या मिलिमीटरची केली तर आणखी शुद्ध, पण अंधुक. माजघरासारखा अंधार असेल तरच करा.

फटीसाठी दाढीची दोन पाती पुठ्ठ्यावर समोरासमोर चिकटवणं सर्वांत बरं. कात्रीने कापलेल्या कागदाची कड दातेरी येते आणि पट्ट्यात आडव्या काळ्या रेघा उमटतात. पाती मोठ्या माणसाने लावावीत, हे सांगायला नकोच.

---

देवगडची प्रयोगवही

भिंगाची जोडणी करून पाहिली, पट्टा फारच सुरेख आला. मधलं पांढरं पूर्ण गेलं.

काटकोनी लोलक आणि गोल वस्तूंचं काय? त्या टेबलावरून काढून टाकाव्यात का? आणि ढगाळ दिवस निघाला तर टॉर्च चालेल?

---

दीपगृह_रत्नागिरी

काढू नका. काटकोनी लोलक तर ठोकळ्याच्या शेजारीच ठेवा.

त्याला तीन कोन आहेत: ९०, ४५, ४५. झोत एका लहान बाजूवर सरळ पडला की तो न वळता आत जातो, मोठ्या बाजूवर ४५ अंशांत आदळतो, आणि क्राउन काचेचा क्रांतिक कोन (ज्याच्या पुढे प्रकाश काचेबाहेर पडूच शकत नाही तो) ४१ अंशांच्या आसपास असल्याने तिथून पूर्ण परावर्तित होऊन दुसऱ्या लहान बाजूतून सरळ बाहेर येतो. आरशासारखं हे परावर्तन उलगडून पाहिलं तर आत येण्याची आणि बाहेर जाण्याची बाजू एकमेकींना समांतर ठरते. म्हणजे हा दुमडलेला ठोकळाच, म्हणून रंग नाहीत. दुर्बिणीत तो असतो तोही याच गुणासाठी.

आता तोच लोलक असा फिरवा की झोत लहान बाजूतून तिरपा शिरून मोठ्या बाजूतून बाहेर पडेल. मधला कोन ४५ अंश, आपाती कोन सुमारे ३५ अंश ठेवा, आणि रंग येतील. काच तीच, वस्तू तीच, फक्त वाट बदलली. मुलांना पटवायला याहून चांगला प्रयोग तुमच्या टेबलावर दुसरा नाही. ९० अंशांच्या कोनातून मात्र प्रयत्न करू नका. लोलकाचा कोन क्रांतिक कोनाच्या दुपटीपेक्षा, म्हणजे इथे ८२ अंशांपेक्षा जास्त असेल तर त्या दोन बाजूंतून प्रकाश आरपार जाऊच शकत नाही.

झुंबराच्या थेंबाचं गूढ याच नियमाने सुटतं. प्रत्येक दोन पैलूंची जोडी हा एक स्वतंत्र लोलक, प्रत्येकीचा कोन वेगळा, म्हणून पट्टे लहानमोठे आणि भलत्याच दिशांना. पैलू लहान असल्याने फटीचं कामही तेच करतात. काळ्या कागदाने एक सोडून सगळे पैलू झाका, भिंतीवरचे बरेचसे तुकडे विझतील.

चंबूत ‘काही धड नाही’ कारण झोत बारीक आहे आणि तो मध्यावर मारला जातोय. गोल वस्तूत मध्यातून जाणारा किरण दोन्हीकडे पृष्ठभागाला लंब असतो, तिथे वळणंच नाही. इंद्रधनुष्याचे किरण पाण्याच्या गोळ्याच्या मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे ८६ टक्के अंतरावर, म्हणजे जवळजवळ कडेला शिरतात. म्हणून फट काढून टाका. ८० सेंमीहून रुंद पांढऱ्या पुठ्ठ्यात चंबूएवढं, साधारण १० सेंमीचं गोल भोक पाडा, पूर्ण झोत त्यातून जाऊ द्या आणि मागे ३० सेंमीवर पाण्याने भरलेला चंबू ठेवा. पुठ्ठ्याच्या चंबूकडच्या बाजूवर, भोकाभोवती ३० सेंमीहून मोठ्या त्रिज्येचं रंगीत वर्तुळ उमटेल, तांबडा बाहेरच्या बाजूला. कोन ४२ अंश, आकाशातल्या इंद्रधनुष्याचा तोच. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रायबर्गच्या थिओडोरिकने पाण्याने भरलेला काचेचा गोळा घेऊनच हे ताडलं होतं. देकार्तने त्याचा कोन गणिताने काढून १६३७ साली छापला.

भरीव काचेची मोठी गोटी असेल तर तीही ठेवा. अपवर्तनांक १.५२ झाल्याने वर्तुळाचा कोन ४२ वरून २१ अंशांवर येतो. गोटीत बुडबुडे किंवा रंगाच्या धारी नकोत.

पेपरवेट थोडा अवघड आहे. बारीक झोत गोल बाजूने बरोबर केंद्राच्या रोखाने सोडा, म्हणजे गोल बाजूवर वळण नाही आणि सगळं काम सपाट बाजू करते. काचेतला कोन ४० अंशांवर नेला की बाहेर पडणारे रंग तीन अंशांहून जास्त पसरतात, तुमच्या लोलकाच्या दुप्पट. आणखी थोडं फिरवा: जांभळा ४०.८ अंशांना नाहीसा होतो, तांबडा ४१.४ ला. एकेक रंग आत परत वळताना दिसतो. सूर्याच्या झोतात मात्र हे धुवट दिसेल, कारण क्रांतिक कोनाजवळ सूर्याचा अर्धा अंशही कितीतरी पट ताणला जातो. इथे भिंगाने समांतर केलेला टॉर्चचा झोत घ्या.

साधं बहिर्वक्र भिंग रिकामं ठेवू नका. त्याची कड म्हणजे लहान कोनाचा लोलकच. १०० मिमी नाभीय अंतराच्या क्राउन भिंगात निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे दीड मिलिमीटर अलीकडे एकत्र येतो. पुठ्ठा नाभीच्या अलीकडे धरला तर उजेडाच्या वर्तुळाची कड तांबूस, पलीकडे नेला तर निळसर. फ्रेनेलने १८२० च्या दशकात दीपगृहासाठी भिंग कड्याकड्यांनी बांधलं, त्यात मधल्या कड्या प्रकाश वळवतात. पुढच्या काळातल्या दीपगृहांच्या भिंगांत बाहेरच्या कड्या पूर्ण आंतरिक परावर्तनावर चालतात, कारण तेवढं मोठं वळण नुसत्या अपवर्तनाने दिलं तर प्रकाशही वाया जातो आणि रंगही फुटतात. काटकोनी लोलकाचाच गुण, दर्यावर कामाला लावलेला.

---

काचकाम, वेंगुर्ला

टॉर्चबद्दल: चालेल, पण पांढरा एलईडी म्हणजे सूर्य नव्हे. त्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा जोरदार उंचवटा असतो, ४८० च्या आसपास खळगा, मग हिरव्यापासून तांबड्यापर्यंत सलग पसारा. पट्ट्यात निळा आणि हिरवा यांच्यामध्ये काळसर भाग दिसेल आणि जांभळा जवळजवळ नसेल. तो लोलकाचा दोष नाही. तारेचा हॅलोजन दिवा मिळाला तर पट्टा सलग येतो, निळ्याकडे जरा फिका.

फ्लिंटचा लोलक नसेल तर तुलनेसाठी पाण्याचा करा, स्वस्तात होतो. ३ मिमी साध्या काचेचे १० सेंमी उंच आणि ८ सेंमी रुंद तीन तुकडे, बुडाला काचेचाच समभुज त्रिकोण. जोडायला मत्स्यालयाचं सिलिकॉन, व्हिनेगरसारखा वास येतो ते. त्यात बुरशीनाशक घातलेलं न्हाणीघराचं नको. आधी तिन्ही काचा बाहेरून चिकटपट्टीने बांधून घ्या, आतून सांधे भरा, एक दिवस हलवू नका. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच वाळतं, त्यामुळे आपल्याकडे दमट हवेची अडचण नाही, उलट फायदाच. गळती बहुतेक वेळा बुडाच्या तीन कोपऱ्यांत होते, कारण तिथे दोन सांध्यांच्या भेटीत हवेचा बुडबुडा राहतो. कोपऱ्यात आधी एक थेंब दाबून मग कडा भरत या.

पाव लिटरच्या आसपास पाणी मावेल. उकळून गार केलेलं घाला. विहिरीचं किंवा नळाचं तसंच ओतलं तर तासाभरात आतून काचेला बुडबुडे धरतात आणि पट्टा ठिपकेदार होतो. विचलन साधारण २४ अंश, पसारा जेमतेम १ अंश, २ मीटरवर साडेतीन सेंटिमीटर. भिंतींची काच या हिशोबात मोजायची नाही, कारण प्रत्येक भिंत हा वर सांगितलेला समांतर ठोकळाच आहे. काम फक्त पाण्याच्या त्रिकोणाचं.

काचा पुसण्याकडे लक्ष द्या. किनाऱ्यावरच्या हवेत मिठाचा पातळ थर बसतो आणि कोरड्या फडक्याने घासला की ओरखडे पडतात, मग काळ्या जागी दुधाळ उजेड पसरतो. आधी साध्या पाण्याने धुवा, मग साबणाचा एक थेंब, परत पाणी, शेवटी सुती मऊ फडकं. दुर्बिणीच्या लोलकावर जाळ्यासारखे पांढरे धागे दिसत असतील तर ती बुरशी. जुनी असेल तर काच खाल्लेली असते आणि डाग जात नाहीत. काम झालं की सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात ठेवा. जेल रंग बदलणारं असेल तर रंग गेल्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं.

---

देवगडची प्रयोगवही

क्रम असा लावतोय: ठोकळा, काटकोनी (दोन्ही प्रकारे), पाण्याचा लोलक, काचेचा लोलक, झुंबराचा थेंब, शेवटी वेगळ्या झोतात चंबू.

एक अडचण उरली. झोत सारखा सरकतो, पाचेक मिनिटांत फटीवरून निघून जातो.

---

माजघर (गुहागर)

सूर्य ४ मिनिटांत १ अंश सरकतो, म्हणजे २ मीटरवर साडेतीन सेंटिमीटर. कौलातून झोत घेऊच नका, तो वरून तिरपा येतो आणि मांडणीही अडचणीची होते. खळ्यात (अंगणात) स्टुलावर साधा आरसा ठेवा, खिडकीच्या पुठ्ठ्यात फट ठेवा आणि आरशाने झोत आडवा फटीवर आणा. आरसा दोन दिशांना वळवता येईल असा बसवा, लाकडी ठोकळ्यात एक खिळा उभा आणि एक आडवा एवढंही पुरतं. एका मुलाने दर दोन मिनिटांनी तो बोटभर हलवत राहायचं. फटीभोवती पांढरा कागद लावा, म्हणजे झोत कुठल्या बाजूला सरकलाय ते बाहेरूनच त्याला दिसेल. आरशाकडे रोखून बघायचं नाही आणि फटीतून सूर्याच्या दिशेने डोळा लावायचा नाही, हे त्या मुलाला आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगा.

डिसेंबरात देवगडला भर दुपारीही सूर्य सुमारे ५० अंशांवरच असतो, तेव्हा दक्षिणेकडचं खळं असेल तर दिवसभर काम चालेल.